ठरावाची वीट

करंजदऱ्यात फ्लशच्या टाक्या चार, आणि चारही टाक्यांत दूध संस्थेच्या ठरावानं एकेक वीट ठेवलेली होती. धारूरच्या घाटातलं हे गाव. पाण्याचा टँकर आठ दिवसांतून एकदा यायचा आणि घरटी दोन टिपाडं भरून निघून जायचा. अशा गावात फ्लशच्या टाकीत वीट गेली यात नवल काही नाही. नवल हे की त्यासाठी ठराव लागला. पण सुंदरराव चेअरमन असलेल्या गावात ठरावाशिवाय कुत्रंसुद्धा भुंकत नाही असं लोक म्हणायचे, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

सुंदरराव पंचवीस वर्षं संस्थेचे चेअरमन होते. माणूस हाताचा स्वच्छ. सभेचा चहासुद्धा घरी पिऊन जायचे. त्या वर्षी पावसानं दगा दिला, अर्धं गाव दसऱ्यालाच ऊसतोडीला गेलं, उरलेली जनावरं छावणीत गेली, केंद्रावरचं दूध आठशे लिटरवरून दीडशेवर आलं. पण मासिक सभा एक चुकली नाही. माघातल्या सभेत त्यांनी कुठंतरी वाचलेलं सांगितलं की फ्लशच्या टाकीत वीट ठेवली तर विटेच्या जागेएवढं पाणी दर खेपेला वाचतं. गणित बरोबर होतं. सगळ्यांनी हात वर केले. दुसऱ्याच दिवशी सुंदररावांनी वीटभट्टीवरून चार विटा आणल्या, आणि एकेका घरी जाऊन स्वतःच्या हातानं टाकीत ठेवल्या. त्यातली पहिली त्यांच्याच घरात.

ती टाकी वापरणारं माणूस घरात एकच, त्यांच्या पत्नी केसरबाई. सुंदरराव स्वतः परसातल्या जुन्या संडासात एका तांब्यात भागवायचे आणि त्याचा त्यांना अभिमान होता. केसरबाईंचा इलाज नव्हता. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदलल्या. उकिडवं बसायचं नाही, खाली वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. तेव्हा चाकणच्या कंपनीत नोकरीला असलेला त्यांचा मुलगा धर्मराज रजा काढून आला आणि घरात कमोड, फ्लशची टाकी आणि भिंतीला धरायला स्टीलची दांडी, सगळं बसवून गेला. सामानही पुण्याहूनच आणलं होतं त्यानं.

त्याआधीचा दीड महिना केसरबाईंनी कुणाला बोलून दाखवला नाही. धाकटी बहीण येऊन राहिली होती. ती बिचारी मागून पाणी ओतायची, सगळं निस्तरायची, हसून बोलायचीसुद्धा. केसरबाई मात्र भिंतीकडं तोंड करून बसायच्या. लाज वाटायची त्यांना. दुसरा शब्द नाही. त्यामुळं पहिल्यांदा बटण दाबून, आपलं आपण उरकून, हात धुऊन त्या बाहेर आल्या, तेव्हा देवापुढं त्यांनी साखर ठेवली होती. कशाबद्दल ते देवालाही सांगितलं नव्हतं.

आणि आता हीच टाकी पाणी खायला लागली होती.

टँकर आला की सुंदरराव एक टिपाड मोटारीनं छतावरच्या काळ्या टाकीत चढवायचे. तेवढ्यात आठवडा निघायचा. वीट ठेवल्यावर तर दिवसभराचं पाणी उरायलाही लागलं होतं. सुंदररावांनी ते सभेत सांगून टाळ्याही घेतल्या होत्या. पण शिवरात्र झाली आणि काय झालं कुणास ठाऊक, पाणी आठाचं सहा दिवसांवर आलं, मग पाचावर. त्या आठवड्यात सोमवारी टँकर आला आणि गुरुवारी सकाळी छतावरची टाकी कोरडी ठणठणीत. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा.

सुंदरराव बांबूची मोजपट्टी घेऊन शिडीवरून खाली उतरले.

“केसर, बटन दोनदा दाबतीस का?”

“एकदाच दाबते.”

“मग पानी काय भूत पितंय?”

मागच्या पंधरा दिवसांपासून केसरबाईंनी संध्याकाळचा चहा सोडला होता आणि रात्रीची भाकरी अर्ध्यावर आणली होती. पोटात कमी गेलं की बटण कमी दाबावं लागतं, असा त्यांचा हिशेब. पाणी वाचवायला जेवण तोडायचं म्हणजे डोक्याचं दुखणं नको म्हणून डोकंच काढून ठेवण्यातला प्रकार. पण बाईच्या जातीला असले हिशेब लवकर सुचतात आणि घरातल्या माणसांना ते दिसत नाहीत.

सुंदररावांनी खालच्या टिपाडातलं अर्धं पाणी वर चढवलं आणि मग खाटेवर बसून, खाकरून, सभेत बोलतात तसं बोलले.

“हे बघ. चेअरमनच्या दारात तिसरं टिपाड उतरलं तर उद्या गाव तोंडावर थुकंल. म्या ते करनार न्हाई. धर्मराज रविवारी येतोय. पाऊस पडंस्तवर तू पुन्याला ऱ्हा. तितं नळाला दिसभर पानी हाय.”

“आन् केंद्रावर कोन बसंल?”

“बघू कुनाला तरी.”

हे ‘कुणाला तरी’ केसरबाईंच्या काळजाला लागलं. गेली वीस वर्षं सकाळ-संध्याकाळ दूध संकलन केंद्रावर दूध तपासायला त्याच बसायच्या. आता मशीन आलं होतं, पण बाया म्हणायच्या, केसरबाईंच्या नखाला मशीन लाजतं. अंगठ्याच्या नखावर दुधाचा थेंब घ्यायचा. कसदार असेल तर टिकतो, पाणी असेल तर पळतो. गुडघे गेल्यावरही त्यांनी ती खुर्ची सोडली नव्हती. खुर्ची अशी गोष्ट आहे की चार महिने सोडली तर ती आपली राहत नाही, हे चेअरमनच्या बायकोला कुणी शिकवायला नको.

पुण्याला त्यांचं वैर नव्हतं. मुलगा चांगला, सून चांगली. पण तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत खिडकीशी बसून रस्ता बघायचा आणि कुणी विचारलं तर ‘बरं हाय’ म्हणायचं, हे त्यांनी एकदा महिनाभर करून बघितलं होतं. राहायचं तर इथं राहायचं होतं. फ्लश बंद करून इथं राहायचं तर मागून बादली ओतायला दुसरं माणूस हवं, कारण बादली उचलून वाकणं त्यांच्या गुडघ्यांत नव्हतं. ते दुसरं माणूस म्हणजे कोण? घरात होते फक्त सुंदरराव. त्या विचारानंच केसरबाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. म्हणजे रविवारच्या आत टाकी नीट झाली तरच काही खरं होतं.

गावातला एकुलता एक फिटर त्रिंबक. पूर्वी तो सहकारी साखर कारखान्यात कामाला होता. कारखाना बंद पडल्यावर उन्हाळा-पावसाळा गावातले नळ आणि मोटारी दुरुस्त करायचा आणि दसऱ्याला बायकोला घेऊन टोळीबरोबर ऊस तोडायला जायचा. आत्ता तो कोल्हापूरकडं उसाच्या फडात होता. सुंदरराव छावणीवर गेल्यावर केसरबाईंनी त्याला फोन लावला.

“काकी? काय झालं?” मागून कोयत्यांचा आणि ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

केसरबाईंनी सगळं सांगितलं. त्रिंबक म्हणाला, “रातच्याला, कुनी बटन दाबलं न्हाई तरी टाकी आपूआप भरल्याचा आवाज येतो का? सूऽऽ करून?”

“येतो की. मला वाटलं पाल हाय.”

“पाल न्हाई काकी, पानी चाललंय. फोन खिडकीत ठिवा आन् म्या सांगतो तसं करा. आदी बटनाची चकती फिरवून काढा, मग झाकन वर येतंय.”

केसरबाईंनी एका हातानं दांडी धरली आणि दुसऱ्या हातानं झाकण उचललं. दोन वर्षं वापरलेल्या वस्तूच्या पोटात काय आहे ते त्या पहिल्यांदाच बघत होत्या. डावीकडं एक प्लास्टिकचा डबा पाण्यावर तरंगत होता, मध्ये एक उभा पाईप होता आणि तळाशी, गढूळ पाण्यात, चेअरमनची वीट आडवी पडली होती.

“पानी दोनच वाटांनी जातं,” त्रिंबक सांगत होता. “वरून, न्हाईतर खालून. वरून म्हंजी त्या उभ्या पाईपाच्या तोंडातून. पानी तोंडाला टेकलंय का?”

“टेकलंय. काठोकाठ हाय.”

“तरंगतो त्यो फ्लोट. त्याच्या दांडीला इस्क्रू हाय, त्यो फिरवा. पानी पाईपाच्या तोंडाखाली दोन बोटं ऱ्हायला पायजे. तितपत करा, आन् आज बघा.”

चिमटीत धरून तो स्क्रू फिरवायला केसरबाईंना पाऊण तास लागला. एकदा जास्त फिरला, एकदा उलटा. पण शेवटी पाणी पाईपाखाली बरोबर दोन बोटं थांबलं. त्यांनी पेन्सिलीनं तिथं रेघ मारली, झाकण लावलं, आणि पदरानं घाम पुसत खाटेवर येऊन बसल्या. आपला हात जगन्नाथ म्हणतात ते त्यांना फार पटलं. चहा ठेवला आणि पूर्ण कपभर प्यायल्या.

पण शुक्रवारी सकाळी त्या खाटेवर बसून केस विंचरत असताना आतून पुन्हा आवाज आला. सूऽऽ.

वरची वाट बंद झाली होती. म्हणजे पाणी खालून जात होतं. जात होतं की नाही हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय मानायचं नाही, ही केसरबाईंची केंद्रावरची सवय. दुधात पाणी आहे असा नुसता संशय आला म्हणून त्यांनी कधी कुणाची चरवी परत पाठवली नव्हती, आधी पुरावा. पण पांढऱ्या भांड्यात पाण्याची धार दिसणार कशी? त्यांनी इकडंतिकडं बघितलं. कोनाड्यात नीळ होती. चेअरमनच्या पांढऱ्याशुभ्र धोतराला नीळ लागायचीच. त्यांनी चिमूटभर घेतली, झाकण उघडून टाकीत सोडली, आणि दाराबाहेर स्टुलावर पहारेकऱ्यासारख्या बसल्या. तासभर कुणी बटण दाबायचं नाही. दाबणारं दुसरं होतं तरी कोण म्हणा.

तासानं दार उघडलं, तर कमोडच्या पांढऱ्या उतारावरून निळी रेघ सरपटत खाली आलेली. दोऱ्यापेक्षा जाड नव्हती. पण रात्रंदिवस वाहणारी. पाणी घातलेलं दूध पकडल्यावर व्हायचा तोच आनंद केसरबाईंना झाला, आणि पाठोपाठ रागही आला. अर्ध्या भाकरीवर काढलेले पंधरा दिवस ह्या दोऱ्यानं खाल्ले होते.

त्रिंबकनं फोनवर सांगितलं, तसं त्यांनी फ्लोट वर उचलून सुतळीनं टांगला. पाणी यायचं थांबलं. बटण दाबून टाकी रिकामी केली. मग मधला पाईप डावीकडं थोडा फिरवून उचलला. त्याच्या बुडाला गोल रबराचा वायसर होता आणि वायसरखाली रेव. त्यांना वाटलं, टँकरचा गाळ असेल. पण टँकरचा गाळ काळा येतो. ही रेव तांबडी होती. दोन बोटांत चोळून बघितली आणि त्यांचा हात थांबला. लहानपणी तांब्याची भांडी घासायला वीट कुटायच्या, तीच ही भुकटी.

त्यांनी टाकीत हात घातला आणि वीट बाहेर काढली. भट्टीच्या कडेची, आच कमी लागलेली वीट. दीड महिना पाण्यात बसून तिचे कोपरे भिजल्या बिस्किटासारखे झाले होते. सगळ्या गावाला पाणी वाचवायला सांगणारी वीट घरातलंच पाणी सांडत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा! केसरबाई एकट्याच हसल्या. मग त्यांना आठवलं की अशा चार आहेत.

त्यांनी वायसर धुतला, बसायची जागा फडक्यानं पुसली, पाईप परत बसवला. पुन्हा नीळ. या वेळी रेघ आली, पण अगदी पुसट. बारीक रेवेनं रबराला खाच पाडली होती. काम बरंचसं झालं होतं, पुरतं नाही.

दुपारी सुंदरराव जेवायला आले, तर ताटात भाकरी आणि शेजारी परातीत वीट.

“ही कावून काढलीस?” ते म्हणाले. “ठराव हाय ना.”

“ठरावाला घाम सुटलाय. हात लावून बघा.”

सुंदररावांनी बोट लावलं. बोट तांबडं झालं. केसरबाईंनी निळीचं सांगितलं, वायसरचं सांगितलं, मूठभर रेव दाखवली. सुंदरराव भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत राहिले. मग सावकाश म्हणाले, “सभेनं ठिवलीय. सभाच काढंल. म्या एकट्यानं कशी काढावी?”

“घरातली तर म्या काढली. बाकीच्या तीन घरांत काय करायचं ते तुमी बघा. पर म्या दोनदा बटन दाबत न्हवते.”

एवढंच त्या बोलल्या. सुंदररावांनी मान खाली घातली आणि जेवले. त्या दिवशी त्यांनी दुसरी भाकरी मागितली नाही.

संध्याकाळी केंद्रावर दूध घेऊन पंधरा-वीस बाया-माणसं उभी होती. केसरबाई खुर्चीत बसून एकेक चरवी तपासत होत्या. सुंदरराव आले, संस्थेची इतिवृत्ताची वही आणि पेन काढलं आणि म्हणाले, “तातडीची सभा हाय.” अकरा संचालकांपैकी सात जण उसाच्या फडावर, एक छावणीत. हजर तीन. सुंदररावांनी ओळीनं सगळ्यांची नावं वाचली, जे नाहीत त्यांचीसुद्धा, आणि जाहीर केलं, “गणपूर्ती न्हाई. सभा अर्धा घंटा तहकूब.” आणि मनगटावरच्या घड्याळाकडं बघत खांबाला टेकून उभे राहिले. लोकही उभे राहिले. कुणी हसलं नाही. करंजदऱ्याला याची सवय होती. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही हा नियम तिथल्या शेंबड्या पोरालाही पाठ.

अर्ध्या तासानं ते बोलले. “मागच्या म्हयन्यात फ्लशच्या टाकीत वीट ठिवायचा ठराव झाला. त्यो माझ्या चुकीनं झाला. इटेचा चुरा रबराखाली जातो आन् वाचलं त्याच्या चौपट पानी वाया जातं. म्या आदी माझ्या घरात इचारायला पायजे हुतं, ते न करता बायकोला बोल लावला. ठराव मागं घ्यावा. सूचक म्या.” थोडं थांबून म्हणाले, “अनुमोदक कोन?”

कुणाचा हात वर होईना. पंचवीस वर्षांत चेअरमनच्या तोंडून ‘माझी चूक’ हे दोन शब्द कुणी ऐकले नव्हते. त्याला अनुमोदन द्यायचं म्हणजे होय, तुमी चुकलात असं म्हणण्यासारखंच. शेवटी वरच्या आळीच्या चंद्रभागाबाई, संस्थेच्या संचालिका, चरवी खाली ठेवून पुढं आल्या.

“म्या हाय अनुमोदक. आठ दिस झालं, पानी सांडती म्हनून सुनंवर आळ घेतेय म्या. चला आदी माझी इट काढा.”

सुंदररावांनी ते तसंच्या तसं वहीत लिहिलं, सही केली, आणि धोतराचा सोगा खोचून वरच्या आळीला निघाले. केसरबाईंनी पुढची चरवी घेतली, नखावर थेंब धरला, पण त्यांना थेंब नीट दिसेना. डोळे भरून आले होते. बायांनी ते बघितलं आणि बघितलं नाहीसं केलं.

शनिवारी त्यांनी धर्मराजला फोन करून वायसरवरचा आकडा वाचून दाखवला. “असला इकडं मिळत न्हाई. येताना घेऊन ये.” तो बरं म्हणाला. सुंदररावांनी मोजपट्टी घालून बघितलं. पाणी जेमतेम बोटभर उतरलं होतं. पुण्याचं नाव त्यांनी काढलं नाही. पण पुण्याला जायचं म्हणून गुरुवारी भरलेली बॅग तशीच कोपऱ्यात होती आणि दोघंही तिच्याकडं बघायचं टाळत होते.

रविवारी सकाळी केसरबाईंना ती पुसट निळी रेघ बघवेना. त्रिंबक मागं म्हणाला होता की वायसर उलटा करून लावला तर कधीकधी चालतो. नवा आजच येणार होता, तेवढा धीर धरायचा. पण दोन दिवसांत बाई फिटर झाल्या होत्या ना! पाईप उचलला, वायसर ओढून काढला, उलटा करायला ताणला, आणि जुनं रबर टचकन दोन तुकडे होऊन हातात आलं. अति शहाणा, त्याचा बैल रिकामा. आता टाकीत थेंब ठरणार नव्हता. त्यांनी फ्लोट सुतळीला टांगला आणि म्हणाल्या, असू दे, पोरगं येईलच.

नऊ वाजता धर्मराजचा फोन आला, मांजरसुंब्याला चहाला थांबलोय म्हणून. साडेदहाला गाडी दारात. त्यानं पाया पडून पाणी पिऊन झाल्यावर केसरबाईंनी हात पुढं केला.

“वायसर? जुना सकाळी तुटला.”

“न्हाई आणला, आई. कशाला आणू? तू आता पावसाळ्यापर्यंत तिकडंच. आल्यावर बघू की. बॅग भरलीय ना? ऊन तापायच्या आत निघू.”

त्याच्या बोलण्यात काही वाकडं नव्हतं. तेच जास्त लागलं. केसरबाई बॅगेकडं बघत बसल्या. गाडी दारात होती. पाच तासांत अशा घरी पोचता येत होतं, जिथं बटण दाबलं की पाणी येतं, दार आतून लावता येतं, कुणाला हाक मारावी लागत नाही. आणि सकाळपासून त्यांनी संडासला जायचं टाळलं होतं. फार वेळ टाळता येणार नव्हतं.

“त्रिंबक कदी येतोय?” सुंदररावांनी विचारलं.

“पाडव्याला. आठ दिसांनी. तिकडून वायसर घेऊन ये म्हनून सांगितलं तर आनंल.” केसरबाई म्हणाल्या.

“मग आठ दिस म्या वतीन पानी.”

धर्मराज बघतच राहिला. “आप्पा, तुमी?”

“इट म्या ठिवली. नुकसान झालं. भरपाई म्याच करायची.” ते धर्मराजला सांगत होते, पण बघत होते खाली फरशीकडं. मग खाकरले, पण या वेळी सभेतलं बोलणं काही आलं नाही. “आन् ती गेली तर घरात म्या एकटा काय करू? भाकरी मिळंल कुठंबी. पर...” उठून ते परसात गेले.

दीड महिना भिंतीकडं तोंड करून काढलेले दिवस केसरबाईंच्या डोळ्यांपुढून गेले. जगात कुणीही चाललं असतं, हे माणूस नको, असं त्यांना कालपर्यंत वाटत होतं; ह्या माणसापुढं त्यांनी चाळीस वर्षं पदर ढळू दिला नव्हता. बाहेर टिपाडाचं झाकण वाजलं. धुण्याचं उरलेलं पाणी बादलीत भरल्याचा आवाज आला.

“धर्मा,” त्या म्हणाल्या, “बॅग आत ठिव. आन् जेवून जा.”

त्या दांडीला धरत आत गेल्या. बाहेर सुंदरराव बादली घेऊन आले आणि दाराशी उभे राहिले. धर्मराजला कळलं असावं. तो गाडीत काहीतरी शोधायला निघून गेला. आतून बराच वेळ आवाज नाही. सुंदररावांनी एकदाही ‘झालं का’ म्हणून विचारलं नाही.

मग कडी वाजली. “या,” केसरबाई म्हणाल्या.

सुंदरराव नजर भिंतीवर ठेवून आत शिरले. भिंतीकडं बघत पाणी ओतायचं म्हणजे निम्मं बाहेर जाणारच. निम्मं त्यांच्याच निळीच्या धोतरावर गेलं. दुसऱ्या खेपेला त्यांनी भिंत सोडली आणि नीट बघून ओतलं, बैलाला पाणी दाखवावं तसं सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. झालं. केसरबाई जिला दोन वर्षं घाबरत होत्या ती गोष्ट एवढीच होती, बादलीभर पाण्याची. त्यांना लाज वाटली, पण वाटायची तेवढी नाही. आणि तिच्या मागून रडू आलं, ते मात्र आवरेना.

“गुडघा दुखतोय का?” सुंदरराव घाबरून म्हणाले.

“न्हाई. दुखत न्हाई.” त्यांनी दांडीवरचा हात काढला. “हात द्या.”

सुंदररावांनी बादली खाली ठेवली, ओला हात धोतराला पुसला आणि पुढं केला.